रोटातली माझी सव्वा मूठ

अक्काच्या घरी माझा पेला वेगळा होता. स्टीलचाच, इतरांच्या पेल्यांसारखाच, पण त्याच्या बुडाला तिनं लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. घासताना, मांडताना तो चुकून दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको म्हणून. अक्का म्हणजे माझ्या आबांची, म्हणजे आजोबांची, थोरली भावजय. नशिराबादला आमचे सगळे भाऊबंद एकाच गल्लीत राहायचे आणि त्या गल्लीत अक्काचा शब्द शेवटचा असायचा. तिनं ठिपका दिला म्हणजे दिला.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी आल्या होत्या आणि दुपारी बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या. एका आत्याच्या पर्समध्ये मला तसल्याच लाल रंगाची नेलपॉलिशची बाटली सापडली. मी अक्काच्या स्वयंपाकघरात बसले आणि मांडणीवरचे सगळे पेले उतरवून एकेकाच्या बुडाला ठिपका दिला. पेले संपले, बाटलीत उरली होती, म्हणून वाट्यांनाही दिला. अक्काचा चहाचा कप वर होता, तो मुद्दाम स्टुलावर चढून काढला.

संध्याकाळी पन्हं वाटायची वेळ झाली. अक्कानं एक पेला उलटा करून पाहिला, बाजूला ठेवला, दुसरा पाहिला, मग तिसरा. मी दारात उभी राहून अगदी गरीब तोंडानं विचारलं, "अक्का, यातला माझा कोणता?"

ज्या आत्याची बाटली होती तीच पहिली हसली. मग सगळ्या हसल्या. अक्का हसली नाही. तिनं राखेनं पेले घासून पाहिले, पण नेलपॉलिश काय राखेनं निघते होय? त्या दिवशी सगळ्या घरानं माझ्याच पेल्यातून पन्हं प्यालं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आता पेला वेगळा का, ते सांगायला पाहिजे. मी जन्मले तीच एचआयव्ही घेऊन. आईकडून आला, आईला वडिलांकडून, आणि वडिलांना कुठून हे विचारायला मी मोठी होईपर्यंत दोघंही राहिले नव्हते. मला आबा, आजी, काका आणि काकू यांनी वाढवलं. लोकांना वाटतं, अशा मुलीचं लहानपण खिडकीत बसून रडण्यात गेलं असणार. गेलं असतं कदाचित, पण आमच्या घरात रडायला निवांत जागा कुठं होती?

आमच्या घरी रात्री आठला काकांच्या मोबाइलचा गजर वाजायचा आणि गोळ्यांची पंगत बसायची. माझी गोळी, आबांची शुगरची, आजीची बीपीची, काकूची कॅल्शियमची. मी लहान असताना गोळी घ्यायला फार छळायचे, म्हणून काकूनं ही पंगत सुरू केली होती. एकट्या काकांना काही आजार नव्हता. ते पेपरमिंट घ्यायचे, वर पाण्याचा घोट प्यायचे आणि कडू लागल्यासारखं तोंड करायचे. बरीच वर्षं मी त्यांची कीव करत होते. एकदा त्यांच्या खिशात पेपरमिंटची अख्खी पुडी सापडली तेव्हा मी घरभर बोंब मारली. तरी ते बंद झाले नाहीत. म्हणाले, "तू घेशील तोवर मीबी घेईन. माले सवय लागनी आते."

गोळ्या आणायला आम्ही धुळ्याला जायचो. जळगाव आमच्या घरापासून रिक्षानं थोड्याच अंतरावर, तिथंही याच गोळ्या मिळतात, फुकट मिळतात. पण आबांचं म्हणणं, जळगावच्या सिव्हिलच्या पायरीवर अर्धं नशिराबाद बसलेलं असतं. म्हणून आम्ही भल्या सकाळी एसटीत बसायचं, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरायचं, गोळ्या घ्यायच्या आणि दिवस बुडायला घरी. वर आबा डोक्याला मफलर गुंडाळायचे, ओळखू येऊ नये म्हणून. मे महिन्यात मफलर गुंडाळलेला म्हातारा सगळ्या बसस्टँडला लक्षात राहायचा, ही गोष्ट त्यांना कोण सांगणार? माझा आजार गावाला ठाऊक होता. गावाला ठाऊक आहे हे आबांना ठाऊक होतं. तरी गावाला काही माहीत नाही असं आम्ही समजायचं आणि आम्हाला काही कळत नाही असं गावानं समजायचं, असा एकंदर व्यवहार होता.

धुळ्याच्या दवाखान्यात एक समुपदेशक ताई होत्या. मला काय झालंय ते त्यांनीच मला सांगितलं, पेल्यांच्या भानगडीच्या आदल्या वर्षी. तोवर मला घरी "रक्त कमी आहे" एवढंच सांगितलं होतं आणि मी बीट खाऊन खाऊन कंटाळले होते. ताईंनी कागदावर चित्रं काढली. रक्तात शिरलेला विषाणू, त्याला रोज झोपवणारी गोळी, गोळी चुकली की तो कसा उठतो. बरोबर जेवल्यानं होत नाही, एका पेल्यानं होत नाही, शिवल्यानं होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. काकू शेजारी बसून पदरानं डोळे पुसत होती. मी ताईंना विचारलं, "मग अक्काला कुणीच सांगितलं नाही का हे?" ताई म्हणाल्या, "सांगून पाहा." मी सांगून पाहिलं. अक्का म्हणाली, "तुना ताईले सांग, माले शिकाडू नको."

म्हणून मग ते ठिपके.

पण त्याचं उलटंच झालं. दोन-तीन दिवसांनी अक्का आमच्या ओट्यावर येऊन बसली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, आमची काकू भांडणात कुणाला ऐकत नाही. पण अक्का शांत होती. आबांना म्हणाली, यंदा कानबाईला पोरगी येऊ दे, देवीला नमस्कार करू दे, पण ती रोटाला बसणार नाही. तिच्या नावाचे गहू घेणार नाही.

कानबाई म्हणजे श्रावणातली आमची देवी. तिच्या दिवशी सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि रोटाचं जेवण जेवतात. आमच्यात आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, ते घरीच दळतात आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या होतात. रोट बाहेरच्या माणसाला देत नाहीत. शेजारी कितीही जवळचा असला तरी नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा, ज्याची पडली नाही तो पाहुणा. लग्न होऊन गेलेल्या लेकींची मूठ सासरी पडते आणि मेलेल्या माणसांची कुठंच पडत नाही.

माझे वडील गेले, आई गेली, त्यांच्या मुठी बंद झाल्या. त्यांच्या घरातली एकच मूठ त्या पिठात पडत होती, ती माझी. तीही आता अक्का बंद करायला निघाली होती. काकू म्हणाली, "मग आमच्या दोघांची पण टाकू नका." भावाच्या माघारी आबांनी कधी अक्काचा शब्द खाली पडू दिला नव्हता, आजही दिला नाही. मी आतल्या दारामागं उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. पुरणपोळीचं मला काही नव्हतं, मला तर गोड आवडतही नाही. मला माझी मूठ पाहिजे होती. तिला ती घेण्याचा अधिकार कुणी दिला, असं मनात येऊन मी दात-ओठ खात होते.

आषाढात पुन्हा धुळ्याची फेरी आली. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तर बाकांवर गर्दी. आबांनी मफलर नीट केला, मी जागा शोधायला पुढं झाले आणि मला शेवटच्या बाकावर अक्का दिसली.

अक्काच. विटकं लुगडं, कुंकवाविना मोकळं कपाळ, हातात पिशवी. मांडीवर तिची नात. अक्काचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता, कावीळ झाली असं गावात सांगितलं होतं. सून पोरीला घेऊन धुळ्याला देवपूरमध्ये राहायची, तिथं एका शाळेत कामाला होती. अक्का महिन्याकाठी नातीला भेटायला म्हणून धुळ्याला यायची. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नातीला घेऊन ती कुठं जाते, हे मात्र मला आता कळलं.

आबाही पाहत उभे राहिले. पळायला दोघांनाही जागा नव्हती. शेवटी अक्काच बोलली.

"लगीनले उनू मी," ती म्हणाली.

आषाढात. देव झोपलेले, ब्राह्मण रिकामे आणि ही लग्नाला आली. त्यावर आबा काय म्हणाले असतील? आबा म्हणाले, "मी दात दखाडाले उनू."

आबांच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. कवळी होती, तीही ते घरी डब्यात ठेवून आले होते, कारण प्रवासात ती टोचते. मी हसू दाबायला जाऊन मला इतका ठसका लागला की आतून नर्सबाई पाहायला आल्या.

तेवढ्यात त्या नातीनं तोंडातली गोळी अक्काच्या लुगड्यावर थुंकली. चार-पाच वर्षांची असेल. तिची सकाळची गोळी राहिली होती आणि अक्का तिला ती तिथंच द्यायला बघत होती. साखर देऊन झाली, बिस्कीट देऊन झालं, दोन धपाटे देऊन झाले. पोर दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटून बसली होती आणि अक्कानं हात टेकले होते. ज्या हातांचा आख्ख्या गल्लीला धाक, ते हात. मला त्या वेळी दया नाही आली, खरं सांगते. मला आधी मजाच वाटली.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. गोळी गिळण्यात मी काही साधीसुधी नाही, त्यात माझं आयुष्य गेलं होतं. मी तिला म्हटलं, "हे बघ, गोळी जिभेवर ठेवायची, पाण्याचा मोठा घोट घ्यायचा आणि तुझ्या आजीकडं बघून डोळे वटारायचे. जोरात. डोळे वटारले की गोळी आपोआप खाली जाते. मी करून दाखवते."

माझ्याकडं गोळी नव्हती, मी नुसतं पाणी घेतलं. आणि अक्काकडं बघून असे डोळे वटारले की तसं तिच्या आयुष्यात तिच्याकडं कुणी बघितलं नसेल. पोर खुदकन हसली. मग तिनंही गोळी ठेवली, घोट घेतला, डोळे वटारले. गेली गोळी. "पुन्हा," ती म्हणाली. गोळी तर एकच होती, म्हणून आम्ही दोघी नुसतेच डोळे वटारत बसलो आणि अक्का भिंतीकडं बघत राहिली.

परतीच्या एसटीत अक्काही होती. नातीला देवपूरला सोडून ती स्टँडवर आली आणि नेमकी आमच्याच गाडीत चढली. आबा पुढं, ती मागं, मध्ये चार-पाच सीटा. नशिराबाद येईपर्यंत जणू दोघांनी एकमेकांना पाहिलंच नव्हतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आबांनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाले, दवाखान्यात दिसलेलं माणूस दिसलंच नाही असं समजायचं असतं. आपल्याला कुणी पाहिलं आणि गावभर केलं तर कसं वाटेल, तसंच तिला. घरी आजीलासुद्धा सांगायचं नाही. शपथ घे.

मी शपथ घेतली. माझ्या पेल्याला ठिपका देणारी, माझी मूठ बंद करणारी ही बाई, आणि तिची सख्खी नात माझ्याचसारखी. तिनं आधी सगळ्यांच्या देखत माझ्याकडं बोट दाखवलं ते का, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सगळे माझ्याकडं बघत राहिले की तिच्या घराकडं कोण बघणार? त्या वेळी मात्र माझ्या डोक्यात एकच होतं. आता बघते ही माझी मूठ कशी टाकत नाही.

कानबाईच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका अक्काच्या ओसरीत गहू निवडायला जमल्या. पोरींनी तिथं जायचं काही कारण नव्हतं. मी आजीच्या मागून गेले आणि अक्काच्या बरोबर समोर मांडी घालून बसले. अक्काच्या एका बाजूला गव्हाची परात, दुसऱ्या बाजूला मोकळं सूप. ती एकेकाचं नाव घ्यायची, मूठ भरायची, वर थोडे गहू आणखी घ्यायची आणि सुपात सोडायची. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. नव्हतं म्हणजे, तिनं ते नसू दिलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "धुळ्याचं लग्न कसं झालं?"

अक्काची मूठ सुपावरच थांबली.

"आषाढात कुणाचं लग्न गं?" शेजारची काकी म्हणाली.

"कुणास ठाऊक. अक्काच म्हणाली, लग्नाला आले. आम्हीपण तेव्हा धुळ्यालाच होतो. आबा दात दाखवायला गेले होते."

"आबा? दात?" बायकांना हसू फुटलं. कुणी म्हणाली, "कुणाचे दात घेऊन गेले होते?" आजीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीही तो दिसत होता. पण मी बसून राहिले. अक्काला घाम फुटला होता. मी पुढं काय बोलते याची ती वाट बघत होती आणि मी मुद्दाम वेळ लावत होते, गव्हातला एक खडा उचलून तो उन्हात धरून बघत होते. मी दवाखान्याचं नाव काढणार नव्हते, मी आबांपुढं शपथ घेतली होती. पण ते अक्काला कुठं माहीत होतं?

आमच्या घराची पाळी आली. तिनं आबांची मूठ टाकली, आजीची टाकली, काकांची, काकूची टाकली. मग तिनं मूठ भरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आनि इनी."

पडली. माझी मूठ पडली. सुपात माझे गहू बाकीच्यांच्या गव्हात मिसळून गेले आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, इतकं ते सहज झालं. मी तेवढ्यावर उठायला पाहिजे होतं. नाचत घरी जायला पाहिजे होतं. पण अक्का पुढं निघाली. तिनं स्वतःची मूठ टाकली, सुनेची टाकली आणि सूप बाजूला सरकवलं.

"अक्का, धाकटीची राहिली," मी म्हटलं.

हे मात्र मी ठरवून बोलले नव्हते. ते तोंडातून गेलंच.

"कोणती धाकटी?"

"तुझी नात."

"ती येत नही," अक्का म्हणाली. "दूर शे."

"सूनही दूरच असते, तिची टाकलीस की," काकी म्हणाली. "खरंच गं अक्का, लेकाचं एकुलतं लेकरू ते. दर वर्षी तिचं कसं राहून जातं?"

म्हणजे दर वर्षी राहत होतं. माझी मूठ बंद करायला अक्काला आखाजी उजाडली, पण तिच्या नातीची मूठ तिनं कधी टाकलीच नव्हती. पोर आली तर कुणी काही विचारेल, तिच्या पिशवीतली गोळ्यांची बाटली कुणी बघेल, या भीतीनं तिनं आपल्याच हातानं तिला घराबाहेर ठेवलं होतं. मी अक्काकडं बघितलं. तिचा हात परातीतल्या गव्हात मनगटापर्यंत बुडालेला होता आणि वर येत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. माझी सगळी मजा तिथल्या तिथं संपली. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि मला अक्काबद्दल वाईट वाटतंय याचा रागही आला.

"आण ना तिला," मी म्हटलं. "मी सांभाळीन. तिला माझं ऐकायची सवय आहे." मग जीभ चावून म्हटलं, "म्हणजे लागेल."

अक्कानं मूठ भरली. ती सुपावर नेली. निम्मे गहू सुपात पडले, निम्मे बाहेर, आणि बायका ते गोळा करायला वाकल्या.

घरी जाताना आजीनं माझा कान धरला. "काय चाललं होतं तुमचं?" मी म्हटलं, लग्नाचं बोलत होतो. तिनं कान सोडला, पण माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्काची सून नातीला घेऊन सकाळच्या गाडीनं आली. अंगणात केळीचे खांब लावून देवीचा मांडव केला होता, आत पुरणाचा वास सुटला होता. दुपारी पंगत बसली. मला भिंतीकडेच्या टोकाला पाट मांडला होता. मूठ पडली तरी पाट टोकालाच. माझ्यात आणि पलीकडच्या चुलतभावात अजून एक माणूस बसेल एवढी जागा सोडली होती. नात आली, तिनं सगळी पंगत पाहिली आणि धावत येऊन बरोबर त्या मोकळ्या जागेत बसली. बसली ती बसली, माझ्याकडं बघून डोळे वटारले.

"तिकडं नको गं पोरी, इकडं ये," कुणीतरी म्हणालं.

"बसू दे," अक्का म्हणाली.

रोटाच्या जेवणात टाकायचं नसतं. आमच्यात ताटात काही उरलं तर ते कुत्र्याला, गाईलाही घालत नाहीत. ज्याच्या ताटात उरलं त्याचं उष्टं घरातल्याच कुणीतरी संपवायचं. आई पोराचं संपवते, बायको नवऱ्याचं संपवते, सून सासऱ्याचं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं, आणि रात्रभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. मी दोन घास खीर खाल्ली, थोडी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खाल्ली, पोळी मधोमध मोडली, अर्धी खाल्ली आणि उरलेल्या अर्धीचा दातानं एक घास तोडून ती ताटात ठेवली. दाताचे वळ नीट दिसतील अशी. मग हात मांडीवर घेऊन बसले.

"संपव," आजी वाढता वाढता म्हणाली.

"पोट भरलं."

पोट अजिबात भरलं नव्हतं. आजीला ते दिसत होतं. ती माझ्या ताटाकडं आली, काकूही भाजीचं भांडं खाली ठेवून उठली. त्या दोघींनी माझं उष्टं नेहमीच खाल्लं होतं, त्यात नवल काय? मी काकूला डोळ्यांनी खुणावलं, तू नको. ती थांबली. मी सगळ्या पंगतीकडं बघितलं. ज्यांनी मला मूठ दिली त्यांच्यातलं कोण खातंय, ते मला बघायचं होतं. काका घास हातात धरून बसले. ज्या काकीनं आदल्या दिवशी माझ्या बाजूनं जीभ चालवली होती तीसुद्धा वरण ढवळायला लागली. मला वाटलं, आता मी रडणार. थट्टा करायला गेले आणि थट्टा आपल्याच अंगावर आली.

अक्का चुलीजवळ बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आली, आणि माझ्या आणि नातीच्या समोर खाली बसली. तिनं माझ्या ताटातली अर्धी पोळी उचलली. दाताची बाजू तिच्याकडंच होती. तिनं तिथंच घास घेतला. सगळ्यांच्या देखत, हळूहळू, तूप लागलेली बोटं चाटत तिनं ती पोळी संपवली. मग माझ्या वाटीतली उरलेली खीर प्याली. वाढणाऱ्या बायका पुन्हा वाढायला लागल्या.

अक्का उठली नाही. नातीनं पुरण चाटून खाल्लं होतं आणि पोळीचे काठ खिरीत बुडवून ठेवले होते. अक्का तिच्या ताटाकडं बघत होती. मग ती माझ्याकडं वाकली आणि मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मी मरी गऊ ते इनं उष्टं कोन खाई वं?"

अक्का वाट बघत होती आणि यावेळी ती मला घाबरत नव्हती, ती मला खरंच विचारत होती.

मी नातीचं ताट माझ्याकडं ओढलं. पोळी गार झाली होती, खिरीत भिजून लिबलिबीत झाली होती. मी सगळी खाल्ली.